इथं थांबू नका

गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात.
बिराजदारांचं दुकान तेराव्यावर की चौदाव्यावर,
आम्ही दोनदा गोल फिरलो.
वाट दाखवायचं यंत्र घ्यायला निघालेल्या दोघी,
दुकानच सापडेना.

त्यांनी आधी मोठ्ठा पडदा काढला, नऊ इंची.
गाणी लागतात, मागचा कॅमेरा दिसतो,
आतली बाई मराठीत सांगते, दोनशे मीटरवर डावीकडे वळा.
आवाज पुण्याचा.
रेहाना म्हणाली, हे काढून हातात घेता येतं का?
‘काढायचं कामून, ताई? पक्कं बसवून देतो की.’

मग सांगावं लागलं,
की कुणीतरी कुठंतरी एक डबा लपवून ठेवतं,
अंश आणि मिनिटं तेवढी कळवतं,
आणि आपण जायचं.
‘जेवणाचा डबा?’
नाही हो. वही असते. पेन्सिलीचा तुकडा, गोटी, कुणाचं बटण.
‘आन् तुमी काय घेता त्यातलं?’
नाव लिहितो. परत ठेवतो.
बिराजदारांनी पोराकडं पाहिलं,
पोरानं पंख्याकडं.

गेल्या पौषात रेणापूरच्या पुढं
जुन्या यंत्रानं आम्हाला डांबरावरून हलू दिलं नव्हतं.
डबा तीनशे मीटर आत, तुरीच्या पलीकडं, काळ्या दगडाखाली,
आणि बाण रस्त्याला चिकटलेला, गोचिडासारखा.
वर ती बाई: जमेल तिथून मागे वळा.
जमेल तिथून मागे वळा.
तिच्या आवाजात माझ्या तिन्ही मावश्या होत्या.

आम्हाला असं पाहिजे,
की शहरातून बाहेर काढताना शहाण्यासारखं वागेल
आणि रस्ता सुटला की हट्ट सोडेल.
एप्रिलच्या उन्हात दिसेल.
पडलं तरी चालेल, कारण मी पाडते.

बिराजदार बराच वेळ गल्ल्यावरची धूळ पुसत होते.
‘गाडीचं गाडीत ऱ्हातं, ताई, आन् पायाचं पायात.
दोन्हीकडं चालणारं दोन्हीकडं थोडं लंगडं असतंय.
चालंल का?’
चालेल म्हटलं. आमचंही तसंच आहे.

तेव्हा खालच्या खणातून, पेपरात गुंडाळलेलं,
एक तळहाताएवढं यंत्र निघालं, कोपरा उडालेला.
बोअरवाल्या कुणा गुत्तेदारानं दुरुस्तीला टाकलं होतं,
परत न्यायला आलाच नाही.
काचेला लावायची खुंटी आहे. खटका दाबला की हातात.
बोलतं का?
‘न्हाई बोलत.’
किती द्यायचे, रेहानानं लगेच विचारलं.

त्याच्या पोटात त्याच्या खुणा तशाच होत्या.
चिंच दोन. गोड पाणी.
साडेतीनशे फूट कोरडं.
साडेतीनशे फूट कोरडं.
शाळेमागं लागलं.
आणि सगळ्यात शेवटी, औशाच्या बाजूला, एकटीच:
इथं थांबू नका.

अर्थातच पुढच्या रविवारी तिथंच गेलो.
डांबर संपलं, मग खडी संपली, मग गाडीची हिंमत.
खटका दाबला. रेहाना पुढं, मी मोजत मागं,
चारशे, दोनशे, साठ,
बाभळीच्या काट्यानं ओढणीचा टोल घेतला,
अकरा, सात, तीन.
बाण जागच्या जागी गरगरला.
काही नव्हतं. उघडा मुरूम. तोंडाला दगड ठोकलेला एक पाईप.

आणि टिटवी.
इतकी जवळून, इतकी जिवाच्या आकांतानं ओरडली
की माझा पाय हवेतच राहिला.
खाली चार अंडी, हुबेहूब मुरमाच्या रंगाची,
चपलेपासून वीतभर.

यंत्राला तीन मीटरची चूक माफ असते.
पायाला नसते.

‘जमेल तिथून मागे वळा,’ रेहाना म्हणाली,
अगदी त्या बाईच्या आवाजात,
आणि आम्ही आपल्याच पावलांवर पावलं ठेवत मागं आलो.

डबा आम्ही खूप अलीकडं ठेवला, बांधावर, घायपाताच्या बुडाशी.
वहीच्या पहिल्या पानावर आमची नावं, खाली एक ओळ:
इथून पुढं जाऊ नका.

त्याची खूण मात्र पुसली नाही.
त्याला हीच भेटली होती, की हिची आई,
की पाण्यासाठी छिद्र पाडून कोरड्या हातानं परतताना
उगीच लिहिलं होतं त्यानं,
काय की.